तांबट आळी ते केशवनगर: भांड्यांच्या मागावर पुण्यात

सांगलीहून सकाळच्या गाडीने निघून मी दुपारी पुण्यात पोहोचले, तेव्हा दादांनी कोथरूडच्या घरातले मोठे कपाट माझ्यासाठी आधीच रिकामे करायला घेतले होते. दादा म्हणजे माझे मावसभाऊ. मालवाहू जहाजांच्या भटारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली आणि जहाज बंदराला लागले की तिथल्या बाजारातून स्वयंपाकाचे एखादे भांडे विकत घ्यायचे, हा नेम निवृत्तीपर्यंत पाळला. कासाब्लांकाचे मातीचे ताजीन, इस्तंबूलची कॉफी करायची लांब दांड्याची तांब्याची जेझवे, मेक्सिकोतील लाझारो कार्देनास बंदरातून आणलेला तीन पायांचा दगडी खल, ओसाकाचा खळग्यांचा बिडाचा तवा आणि जपानचेच एक जाड मातीचे झाकणाचे भांडे अशा वस्तू त्यांनी जमिनीवर सतरंजी अंथरून मांडल्या होत्या. मी महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते आणि भांड्यांविषयी टिपणे जमवते. यातली पेलवतील तेवढी भांडी पिशवीत घालून पुण्यात हिंडायचे आणि त्याच कामाची आपली भांडी जिथे घडतात, विकली जातात किंवा जपून ठेवली आहेत, तिथे दोन्ही शेजारी ठेवून पाहायची, असा आमचा बेत होता.

गुरुवार

राजा दिनकर केळकर संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ आहे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा मूळ व्यवसाय चष्म्यांचा होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. बहुतेक लोक मस्तानी महालापाशी रेंगाळतात. आम्ही मात्र स्वयंपाकाच्या वस्तूंच्या दालनात शिरलो आणि संग्रहालय बंद होण्याची वेळ होईपर्यंत तिथेच राहिलो. केळकरांचे थोरपण मला या दालनात विशेष जाणवते. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात, पण बाईच्या रोजच्या हातातली वस्तू जपण्यासारखी आहे हे त्यांना फार लवकर कळले होते.

शेवयांच्या यंत्रांसमोर दादा थांबले. इटलीतील व्हेनेतो प्रांतात बिगोली नावाच्या जाड शेवया करण्यासाठी एका लाकडी बाकाला पितळेचे नळकांडे बसवलेले असते, त्यात स्क्रूने दट्ट्या खाली जातो आणि करणारा माणूस बाकावर दोन्हीकडे पाय टाकून बसतो, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे हाताने फिरवायचा सोऱ्या याच तत्त्वावर चालतो. पीठ घट्ट असेल तर ते बारीक भोकांतून ढकलायला हाताचे बळ पुरत नाही. मग कुठे मळसूत्राची मदत घेतात, तर कुठे अंगाच्या वजनाची, आणि म्हणूनच यंत्राला बैठक जोडावी लागते.

विळ्या आणि खोवण्यांपाशी हाच विचार पुढे गेला. आपण विळीच्या पाटावर पाय ठेवून बसतो, पाते स्थिर राहते आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर सरकवतो. बंगालमध्ये हेच काम बोटी नावाच्या तिथल्या विळीवर होते. थायलंडमध्ये नारळ खोवण्याच्या जुन्या बैठका सशाच्या आकाराच्या कोरलेल्या असत, त्यांच्यावर बसून पुढच्या दातेरी पात्यावर वाटी फिरवायची. झांझिबारला दादांनी घडीच्या लाकडी बैठकीला पुढे तसेच दातेरी पाते जोडलेले पाहिले होते. नारळ जिथे रोजच्या जेवणात आहे तिथे खोवणीने माणसाला खाली बसवले आहे, कारण करवंटी दाबून धरताना अंगाचा भार वरून पडावा लागतो. पुढे आपल्या घरांत ओटा आला आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. त्यानंतर विळी फळीवर गेली, पाटा-वरवंटा गॅलरीत गेला आणि जाते अंगणात गेले. या वस्तूंना धार नव्हती किंवा त्या झिजल्या होत्या म्हणून हे झाले नाही. आपण बसायचे थांबलो, हे त्याचे खरे कारण आहे, आणि भांड्यांवर लिहिताना बसण्या-उभे राहण्याच्या सवयीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे मत आहे.

शुक्रवार

हा दिवस कसबा पेठेतील तांबट आळीसाठी राखलेला होता. वहिनींनी कल्हई उडालेले एक पितळी पातेले बरोबर दिले होते, त्यामुळे आम्ही केवळ बघे म्हणून न जाता गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि त्याचा फार उपयोग झाला. पेशवाईच्या काळात वसलेल्या या आळीत त्वष्टा कासार समाजाची घरे आहेत. हातोड्यांचा आवाज आळीत शिरण्याआधीच कानी येतो. दुपारी तो थोडा मंदावतो, पण पूर्ण थांबलेला आम्हाला ऐकू आला नाही.

ज्या कारागिरांकडे आम्ही गेलो त्यांनी पत्र्यापासून भांडे होईपर्यंतच्या पायऱ्या शांतपणे दाखवल्या. तांब्याचा पत्रा गोल कापायचा, ठोकत ठोकत त्याला खोली द्यायची, तांबे कडक होऊन तडकायला येण्याआधी ते भट्टीत लाल करून मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे. आकार पूर्ण झाला की मठारकाम सुरू होते. घासून आरशासारख्या केलेल्या तोंडाच्या हातोडीने भांड्यावर एकाला एक लागून असे ठोके घातले जातात आणि त्यातून चकाकणाऱ्या लहान चकत्यांची ओळ भांड्याभोवती फिरत जाते. पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते. वस्तुतः प्रत्येक ठोक्याने धातू आवळला जाऊन कडक होतो, आणि त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडेही सहज पोचे न पडता वर्षानुवर्षे टिकते. ठोक्यांमधले अंतर सारखे ठेवायला कारागीर डोळ्यांपेक्षा आवाजावर अधिक विसंबतात, असे ते म्हणाले. तासभर तिथे बसल्यावर मलाही पोकळ ठोका आणि भरीव ठोका यांतला फरक ऐकू येऊ लागला.

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात सांता क्लारा देल कोब्रे नावाचे तांबटांचे गाव आहे आणि तिथे तांब्याचा तापवलेला जाड गोळा मध्ये ठेवून कित्येक माणसे आळीपाळीने घण घालतात, हे दादांनी सांगताच कारागिरांनी हातोडी खाली ठेवली आणि एकामागून एक प्रश्न विचारले: घण किती वजनाचा, गोळा किती वेळा तापवतात, कडा कशी राखतात. त्या गावातल्या मोठ्या कढयांमध्ये डुकराचे मांस मंद आचेवर तळतात. फ्रान्सच्या नॉर्मंडीतील व्हिलदियू-ले-प्वाल हे गावही असेच शेकडो वर्षे तांब्याच्या भांड्यांवर जगले आहे. या सगळ्यांनी तांबेच निवडण्याचे कारण एक आहे. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट आणि स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे आच भांड्याच्या एकाच जागी साचत नाही आणि दूध किंवा पाक तळाला लागण्याची भीती कमी होते.

तांब्याचा दोष म्हणजे आंबटाशी त्याचे पटत नाही. ताक, चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचे सार तांब्या-पितळेत ठेवले की कळकते, म्हणून आतून कल्हई लागते. आमचे पातेले आळीजवळच बसणाऱ्या एका कल्हईवाल्या काकांनी हाती घेतले. त्यांनी ते आधी घासून स्वच्छ केले, भट्टीवर सांडशीने फिरवत तापवले आणि नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला आणि त्यासरशी पितळेवरचा काळपटपणा गेला. लगेच कथलाची कांडी आत टेकवली. ती लोण्यासारखी वितळली आणि कापसाच्या बोळ्याने त्यांनी दोन-चार हातांत ते चांदीसारखे पाणी सगळीकडे पसरवले. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना. या अंतरावर हे सारे कसब उभे आहे. त्यातूनच एक नियमही येतो: कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, कारण आत पाणी किंवा अन्न नसले तर कथील पुन्हा वितळून एका बाजूला गोळा होते. फ्रेंच स्वयंपाकघरांतल्या तांब्याच्या भांड्यांनाही आतून असेच कथील असते. दादांच्या जेझवेची कल्हई तळाशी विटली होती. काकांनी तीही कसलीच चौकशी न करता हातात घेतली आणि पातेल्यामागोमाग लखलखीत करून दिली. फ्रान्समधले एक तांब्याचे भांडे मात्र मुद्दाम विनाकल्हईचे ठेवतात, ते म्हणजे अंड्यातला पांढरा बलक फेटण्याचा वाडगा. तांब्याचे सूक्ष्म अंश बलकातल्या प्रथिनाशी जोडले जातात आणि फेस लवकर बसत नाही.

रोजच्या वापरातल्या भांड्याची कल्हई कधी ना कधी झिजतेच आणि पुन्हा करावी लागते. याचा अर्थ असा की तांब्याचे भांडे विकत घेताना आपण कल्हईवाल्याशी नाते जोडत असतो. तो नसेल तर भांडे शोभेच्या कपाटात जाते, मग ते कितीही उत्तम घडवलेले असो. पुण्यात आज तांब्याच्या वस्तू हौसेने घेतल्या जातात याचा मला आनंद आहे, परंतु त्या घेणाऱ्यांनी त्यांत शिजवावे आणि कल्हईवाल्यांच्या भट्ट्या पेटत्या राहाव्यात, असे मला कळकळीने वाटते.

निघताना एका ओट्यावर नवा बंब दिसला. मधोमध नळकांडे, त्यात लाकूड किंवा कोळसा, सभोवती पाणी आणि खाली राख पडायला जाळी, अशी त्याची रचना. विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे त्याची ऊब चहूबाजूंनी पाण्याला मिळते आणि धूर वरून निघून जातो. रशियातील तुला शहराने ज्यासाठी नाव कमावले त्या समोवाराची रचना हीच, काश्मिरी समोवाराची हीच, आणि उत्तर चीनमध्ये मेजावर ठेवून मांस उकळतात त्या धुराड्याच्या तांब्याच्या भांड्याचीही हीच. आपण त्यात आंघोळीचे पाणी तापवतो, काश्मिरी माणूस कहवा करतो आणि बीजिंगचा माणूस मटणाचे पातळ काप बुडवतो. थंडी आणि इंधनाची काटकसर यांनी इतक्या दूरच्या कारागिरांना एकाच उत्तराशी आणले आहे. बंबाकडे आंघोळीची वस्तू म्हणून पाहण्याच्या सवयीमुळे त्याची ही सोयरिक आपल्या ध्यानात येत नाही.

शनिवार

सकाळी वहिनींबरोबर तुळशीबाग आणि बोहरी आळी. तुळशीबागेत भातुकलीची पितळी भांडी अजून मिळतात आणि त्यांत घंगाळ, बंब, जाते, शेगडी हे सगळे आकार शाबूत आहेत. मोठ्या घरांतून जे गेले त्याची यादी इथल्या लहानशा डबीत सापडते. बोहरी आळीत स्टील आणि ॲल्युमिनियमचेच राज्य आहे. वहिनींनी कुकरची रबरी रिंग घेतली. तेवढ्यावरून दादांनी देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या वाफेच्या भांड्याची गोष्ट सांगितली. हाडे मऊ करण्यासाठी केलेल्या त्या भांड्याला पापँने नंतर दाब सोडणारी झडप बसवली, आणि आपल्या कुकरची शिट्टी तिच्याच वंशातली आहे. गर्दीमुळे आम्ही लवकर परतलो.

रविवार

मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जुन्या कुलपांच्या आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या ढिगांमधून आम्हाला हवे ते शोधायला बराच वेळ गेला. अखेर एका कडेला बिडाचे आप्पेपात्र सापडले. दादांनी पिशवीतून ओसाकाचा तवा काढून शेजारी ठेवला. त्यात ऑक्टोपसचे तुकडे घालून ताकोयाकी करतात, आणि हा पदार्थ ओसाकात १९३०च्या दशकात रूढ झाला. दोन्हींत बीड, दोन्हींत अर्धगोल खळगे. डेन्मार्कमध्ये नाताळात एब्लेस्कीव्हर करायला असाच तवा वापरतात आणि तिथल्या बायका गोळा उलटवायला विणकामाची सुई घेत. थायलंडमध्ये नारळाचे दूध आणि तांदळाचे पीठ घालून खानोम क्रोक करतात, त्याचा खळग्यांचा तवा पूर्वी मातीचा असे. पातळ पिठाला तळणीभर तेल न वापरता गोल आकार द्यायचा असेल तर खळगा हवा आणि सगळ्या खळग्यांना सारखी आच हवी, आणि जाड बीड ती सावकाश तापून देते. विक्रेत्याने दोन्ही तवे हातांत तोलून पाहिले आणि जपानी तव्याचे खळगे उथळ आहेत, यात आप्पे पुरते फुगणार नाहीत, असे सांगितले. त्याचे निरीक्षण अचूक होते. ताकोयाकीचे पीठ तव्यावर ओसंडू देतात आणि मग ते आत खुपसून गोळा पुरा करतात, त्यामुळे तिथे खोल खळग्याची गरज पडत नाही.

पाटे-वरवंटे आणि खलबत्ते एका झाडाखाली होते. मेक्सिकोचा मोल्काहेते नावाचा खल सच्छिद्र काळ्या दगडाचा असतो. तो दगड म्हणजे ज्वालामुखीचा बेसॉल्ट, आणि आपला पाटाही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेल्या दख्खनच्या बेसॉल्टचाच. मेक्सिकोचा दगड मुळातच भोकाभोकांचा असल्याने त्याची पकड झिजेबरोबर नवी होत राहते. आपला दगड घट्ट, म्हणून त्याला टाकी लावावी, म्हणजे छिन्नीने टोचे पाडून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो. जपानच्या सुरिबाची या भाजलेल्या मातीच्या वाडग्यात हेच काम आतल्या बारीक रेघा करतात, तर जिनोव्हाला संगमरवरी खलात तुळशीच्या जातीची पाने लाकडी बत्त्याने चेचतात, म्हणजे पाने तुटण्याऐवजी रगडली जातात. थायलंडमध्ये तर एकाच घरात दोन खल असतात, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसाठी मातीचा आणि वाटणासाठी ग्रॅनाइटचा.

नवा पाटा घरी आणला की आधी त्यावर भिजवलेले तांदूळ वाटतात आणि कच लागणे थांबेपर्यंत ते वाटण टाकून देतात. मोल्काहेतेसाठी मेक्सिकोतही तांदूळच घेतात, असे दादांना तिथल्या विक्रेतीने खुणांनी दाखवले होते. टाकी लावणारी माणसे मात्र आता दारावर येत नाहीत, आणि गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटलेली चटणी चेचल्यासारखी होते, वाटल्यासारखी होत नाही. पाटा-वरवंटा मागे पडण्यात मिक्सरचा जेवढा हात आहे तेवढाच टाकीवाल्याच्या अनुपस्थितीचा आहे, असे मला कसबा पेठेतली कल्हई पाहिल्यावर अधिकच खात्रीने वाटू लागले.

सोमवार

सकाळी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात या संस्थेने उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्या कामातील मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकरी राहत होते. त्यांच्या घरांतल्या चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा आणि कुंभाराची भट्टी उजेडात आली. लाल मातीवर काळ्या रेघांची, तोटीची जोर्वे पद्धतीची भांडी मी काचेतून बराच वेळ पाहत होते. त्याच लोकांनी आपली दगावलेली लहान मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरली होती. मातीचे भांडे त्यांच्या जगण्यात किती खोलवर होते हे यावरून दिसते. चीनच्या जियांगशी प्रांतातील श्येनरनदोंग गुहेत सापडलेल्या खापरांचे वय तर सुमारे वीस हजार वर्षे ठरले आहे आणि काहींच्या बाहेरच्या अंगाला जळल्याच्या खुणा आहेत. माणूस शेती शिकण्याच्या कितीतरी आधी मडक्यात अन्न शिजवीत होता.

तिथून मुंढव्याजवळच्या केशवनगरला गेलो. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यासारखीच ही पुण्यातली कुंभारांची जुनी वस्ती आहे. एका घरापुढे ओळीने माठ सुकत होते. दादांनी जपानी दोनाबे, म्हणजे ते जाड मातीचे झाकणाचे भांडे, पुढे ठेवले. जपानच्या इगा भागातल्या मातीत प्राचीन बिवा सरोवराच्या तळातले वनस्पतींचे अवशेष असतात, भाजताना ते जळून जातात आणि माती सच्छिद्र होऊन थेट विस्तव सोसते. पहिल्या वापराआधी त्यात तांदळाची पेज मंद आचेवर शिजवतात, म्हणजे स्टार्चने बारीक छिद्रे बुजतात. हे ऐकून त्या घरच्या आजी म्हणाल्या, “आमच्यात पण नव्या मडक्यात पेजच करत्यात आधी.”

पुढे बोलणे खापरावर गेले. खानदेशात पुरणाचे मांडे उपड्या खापरावर भाजतात, लेबनॉन-सीरियाकडे साज नावाचा लोखंडी तवा असाच उपडा घालून पातळ रोटी करतात, आणि इथिओपियात मिताद नावाच्या मातीच्या मोठ्या सपाट तव्यावर टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा नावाची रोटी झाकण घालून एकाच बाजूने शिजवतात. मांडा हाताने ताणून मोठा करायचा म्हणून त्याला फुगीर पाठ हवी. इंजेराचे पीठ ओतायचे, म्हणून त्याला सपाट तवा हवा.

ताजीनचे उंच टोकदार झाकण तिथल्या कुंभारकाकांनी सर्वांत जास्त वेळ हातात धरले. मोरोक्कोत ते कोळशाच्या शेगडीवर ठेवतात. वरचा उंच भाग आचेपासून लांब राहून थंड असतो, वाफ तिथे थिजून थेंबाथेंबाने पुन्हा भाजीत उतरते, त्यामुळे थोड्या पाण्यात मांस मऊ होते. असेच एक भांडे घडवायचे तर ते गॅसवर चालवायचे की कोळशावर, हा प्रश्न काकांनी पहिल्यांदा विचारला. गॅस असेल तर तळ जाड हवा, मातीत रेती जास्त मिसळावी लागेल आणि खाली लोखंडी जाळी ठेवावी लागेल, नाहीतर ज्योत एकाच जागी लागून भांडे तडकेल. झाकण मात्र चाकावर उलटे उचलायचे की दोन भागांत करून जोडायचे, यावर त्यांचे आणि त्यांच्या मुलाचे एकमत होईना. मुलाचे म्हणणे पडले की एका दमात उचलले तर जोड राहणार नाही आणि वाफ कुठूनही सुटणार नाही. शेवटी दोन्ही रीतींनी एकेक झाकण करून भट्टी लागेल तेव्हा भाजायचे ठरले. माप म्हणून ताजीन त्यांच्याकडेच ठेवले, आणि वहिनींनी खापराचीही ऑर्डर दिली.